काचेच्या दाराआडचा पियानो

मित्रांनो, मी एक जुना पियानो. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला चिकटून उभा असतो, तो नव्हे. मी ग्रँड पियानो. तीन भक्कम पायांवर आडवा पसरलेला, साध्या घरातल्या अख्ख्या खोलीला पुरून उरणारा. माझ्या पोटात दोनशेहून जास्त तारा आहेत आणि त्यांना मारायला नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या मऊ हातोड्या आहेत. तरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यातली एकही तार मला आपणहून छेडता येत नाही. कुणीतरी समोर येऊन बसावं लागतं.

माझा जन्म जर्मनीतला. थंड डोंगरावरच्या झाडांचं लाकूड बरीच वर्षं वाळवून कारागिरांनी मला घडवलं आणि आगबोटीतून मी मुंबईला आलो. आधी भायखळ्याच्या एका क्लबात होतो. तिथे माझ्या सुरांवर माणसं नाचत. साहेबलोक निघून गेले तेव्हा एका पारशी बाईंनी मला घरी नेलं. त्या मुलांना शिकवत. मुलं चुकत, रडत, पट्ट्यांवर बिस्किटांचा चुरा सांडत. मी सगळं आनंदाने सोसलं. बाई वारल्या आणि मी एका गोदामात जाऊन पडलो. माझ्या पाठीवर रद्दीचे गठ्ठे आले, मोडका पंखा आला. एका मांजरीने तर माझ्या पोटात पिल्लं घातली. खोटं कशाला बोलू, ती म्याव म्याव करत तारांवरून चालायची तेवढंच काय ते संगीत माझ्या वाट्याला उरलं होतं.

तिथून मला बाहेर काढलं राजवर्धन निकम यांनी. माणूस मूळचा साताऱ्याकडचा. वडिलांचा तुर्भ्याला फर्निचरचा कारखाना होता. पण राजवर्धनना पियानोचं वेड लागलं. मुंबईतल्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ते दुरुस्ती आणि सूर लावणं शिकले. नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. मला ट्रकमध्ये गाद्यांत गुंडाळून खाडीपूल ओलांडून नेलं. कारखान्यात त्यांनी माझ्या गंजक्या तारा काढल्या, नव्या चढवल्या, वाळवीने खाल्लेला पाय बदलला. गोटीराम नावाच्या कारागिराने लाखेच्या पॉलिशचे हातावर हात चढवून मला असं चमकवलं, की छतावरचा पंखा माझ्या अंगात फिरताना दिसायचा.

मग वाशीला शोरूम उघडलं. मोठं काचेचं दार, आत एसी, जमिनीवर गालिचा आणि माझ्यासारखेच नव्याने सजवलेले पाच-सहा पियानो. प्रत्येकावर एक सुबक पाटी होती, ‘कृपया हात लावू नये’.

लोक येत. हळू आवाजात बोलत, माझ्याभोवती फेरी मारत, माझ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेत. एक बाई म्हणाल्या, “क्रीम कलरमध्ये मिळेल का?”

राजवर्धनच्या पत्नी तेजश्री तिथला कारभार बघत. त्यांनी विचारलं, “घरी कोण वाजवतं?”

“वाजवत कुणी नाही. पण हॉल फार मोकळा मोकळा वाटतो.”

मित्रांनो, मला मरणातून उठवलं होतं. पण कशासाठी, ते मला कळेना.

एका रविवारी एक तरुण मुलगी आणि तिचे वडील दारात येऊन थांबले. मुलीचं नाव क्रांती. ती बेलापूरच्या एका ऑफिसात नोकरीला होती. तिनेच जातायेता शोरूम पाहिलं होतं. वडील सिताराम कांबळे. गोदीतून निवृत्त झालेले, बोनकोड्याला राहणारे, गाव कोकणातलं. अंगात पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला पेन.

“साहेब, नुसतं बघायचं हाय,” ते दारातूनच म्हणाले. “घ्यायचं नाय आमाला. चालंल का?”

“या की! बघायला कोण अडवतंय?” राजवर्धन म्हणाले.

सितारामनी चपला बाहेर काढल्या. माझ्यापाशी आले, दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकले आणि पट्ट्या निरखू लागले. ओठ हलत होते. सूर मोजत असावेत.

“बाबा पेटी वाजवतात,” क्रांती म्हणाली. “आमची गायन पार्टी आहे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला कार्यक्रम असतात. ठाण्यापासून पनवेलपर्यंत लोक बोलावतात. पियानो त्यांनी फक्त फोटोत पाहिलाय.”

राजवर्धनना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पाटी उचलून बाजूला ठेवली. “बसा मास्तर. वाजवा.”

सिताराम बसले. उजवा हात माझ्यावर ठेवला आणि एक साधी, संथ चाल उमटली. खरं सांगतो, क्लबातल्या नाचाच्या सुरांपेक्षा, शिकवणीच्या धड्यांपेक्षा ती वेगळी होती. ती चाल माणसाच्या गळ्यातून आली होती. आणि गंमत म्हणजे त्यांचा डावा हात! तो हवेतच पुढेमागे होत होता. पेटीचा भाता मारायची जन्माची सवय; भाता नाही, हे त्या हाताला पटतच नव्हतं. क्रांतीला हसू फुटलं. सितारामही हसले. “ह्यो हात आता रिकामा झाला म्हनायचा. ह्याला काय काम द्यायचं?”

“दर रविवारी या,” राजवर्धन म्हणाले. “त्यालाही शिकवू.”

आणि ते येत राहिले. राजवर्धन त्यांना डाव्या हाताचे सूर दाखवत, सिताराम त्यांना चालींमागची गाणी सांगत. तेजश्रीबाई चहा ठेवत. हळूहळू तो डावा हात खाली उतरला, माझ्या खर्जात शिरला. मी उभ्या आयुष्यात असा वाजलो नव्हतो. शोरूममधले बाकीचे पियानो गप्प उभे असत. माझा त्यांना हेवा वाटत असेल का, असा विचार मनात यायचा आणि मला थोडी शरमही वाटायची.

एकदा सिताराम संकोचत म्हणाले, “साहेब, एक मागनं हाय. आमची पार्टी एकडाव हितं आनू का? ह्याच्यासंगं एक गानं म्हनू. सुंदराबाई हायेत आमच्यात, सत्तरी उलटलीय. गळा अजून खणखणीत. म्हनतात, मास्तर तुमी रोज सांगता, एकदा ऐकवा तरी.”

“विचारायचं काय त्यात? येत्या रविवारी घेऊन या सगळ्यांना!”

त्या आठवड्यात मी फार खूश होतो. राजवर्धननी माझे सूर पुन्हा लावले, मधल्या दोन पट्ट्या अडत होत्या त्या मोकळ्या केल्या.

पण त्याच रविवारी सकाळी नेरूळहून एक डॉक्टर सहकुटुंब आले. नवा बंगला बांधला होता. बराच काळ गिऱ्हाईक नव्हतं. राजवर्धन त्यांच्यामागे अदबीने फिरू लागले. डॉक्टरांच्या पत्नी टेप घेऊन माझी लांबी-रुंदी मोजू लागल्या. मला कुणी वाजवून पाहिलं नाही.

तेवढ्यात दारापाशी पार्टी येऊन पोचली. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष इस्त्रीच्या कपड्यांत. एकाच्या खांद्याला कापडात बांधलेली ढोलकी. सगळ्यांच्या पुढे, क्रांतीचा हात धरून सुंदराबाई. नटूनथटून लग्नाला निघावं तशी ती माणसं आली होती.

राजवर्धननी दार जेमतेम वीतभर उघडलं. “मास्तर, आज नको हो. गिऱ्हाईक आलंय. पुढच्या रविवारी या ना.”

“आमी थांबतो की बाहेर. घाई नाय.”

“बरं, थांबा मग.” आणि दार लागलं.

ते उन्हात थांबले. सुंदराबाईंनी कपाळावर हात आडवा धरून काचेला नाक लावलं आणि त्या मला पाहू लागल्या. सितारामनी बोट करून दाखवलं, “त्यो बगा, मदला.” मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं असेल! एवढ्या तारा पोटात घेऊन मी मुका उभा होतो. नंतर इमारतीचा रखवालदार आला आणि दारासमोर गर्दी करू नका, बाजूला व्हा, असं हातवारे करून सांगू लागला. राजवर्धननी ते पाहिलं. मान वर झाली आणि पुन्हा डॉक्टरांकडे वळली.

थोड्या वेळाने मी पाहिलं तर काचेबाहेर कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी मला पसंत केलं. ते गेल्यावर तेजश्रीबाई म्हणाल्या, “त्यांना आत का नाही घेतलंत?”

“अगं, गिऱ्हाईक होतं ना समोर.”

“गिऱ्हाईक बहिरं होतं का? गाणं ऐकून खूशच झालं असतं.”



पुढच्या रविवारी राजवर्धननी सकाळपासून माझं झाकण उघडून ठेवलं. फरसाण आणलं, खुर्च्या मांडल्या. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मग ते स्वतः बोनकोड्याला गेले. परत आले ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिले.

“भेटले का?” तेजश्रीबाईंनी विचारलं.

“भेटले. चहा दिला, मुलीने पोहे केले. मी माफी मागितली. म्हणाले, राग नाय साहेब. मी म्हटलं, मग या ना, सगळे या. तर म्हणाले,” राजवर्धन थांबले. “म्हणाले, ‘मी एकला असतो तर आलो असतो. पन त्यांना मी आनलं हुतं. आमच्या लोकांना बाहेर उभं राहायची पिढ्यानपिढ्या सवय हुती, साहेब. ती मोडायला लई कष्ट पडलेत. ती मी हातानं परत नाय लावायचो.’ मी म्हटलं, अहो, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. ते म्हणाले, ‘ठाऊक हाय मला. मनात नव्हतं. पन दार तर लागलंच ना?’”

 तेजश्रीबाईंनी उठून एसी बंद केला. सगळीकडे एकदम शांत झालं.

त्यानंतर लवकरच मला नेरूळला नेलं. आता मी बंगल्याच्या हॉलमध्ये असतो. माझी इथे निगा उत्तम राखतात, रोज मऊ कापडाने पुसतात. पाठीवर फुलदाणी आहे आणि चांदीच्या चौकटीतले फोटो.

वर्षातून एकदा राजवर्धन सूर लावायला येतात. त्यांनीच बोलता बोलता सांगितलं, की शोरूममधल्या सगळ्या पाट्या त्यांनी काढून टाकल्यात, रविवारी दार उघडं ठेवतात, कॉलेजची पोरं येऊन वाजवतात. मास्तर मात्र पुन्हा आले नाहीत. मागच्या खेपेला काम संपल्यावर राजवर्धननी इकडेतिकडे पाहिलं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मग एका बोटाने ते मास्तरांची ती संथ चाल शोधू लागले. अर्ध्यापर्यंत आली आणि अडली. दोनदा, तीनदा प्रयत्न केला. मला पुढचा सूर ठाऊक होता, पण सांगता येत नव्हता. त्यांनी झाकण अलगद लावलं आणि हत्यारांची पेटी उचलली.

मित्रांनो, वस्तू पुसून ठेवा, वाळवीपासून जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच मागतो. तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर ते वाजतं ठेवा. आणि त्याच्या ओढीने कुणी दाराशी आलं, तर त्याला पुढचा वार देऊ नका. त्याच दिवशी, त्याच पावली आत घ्या.