पुलावरून की पुलाखालून

मुंबईत रिक्षावाला बसल्याबसल्या विचारतो, वरून की खालून? म्हणजे फ्लायओव्हरवरून न्यायचं की खालच्या सिग्नलमधून. माझ्या माहेरी, बोरिवलीला, याचं उत्तर ठरलेलं होतं. नवा पूल सुरू झाला की पहिल्याच रविवारी बाबा आम्हाला स्कूटरवर बसवून त्यावरून चक्कर मारून आणायचे. पलीकडे काही काम नसायचं. जायचं, वळायचं, परत यायचं आणि घरी येऊन वडापाव खायचे. उंच पुलांचं वेड मला तेव्हा लागलं. अजूनही कुठल्या गावाला जायचं ठरलं की वाटेत उंच पूल कुठे आहे, हे मी आधी शोधते.

सासर नाहूरचं. इथलं उत्तर होतं, खालून. आमची गाडी बाहेर निघते ती रविवारी, सासूबाईंना घेऊन, आणि लग्न झाल्यापासून अशा रविवारी मी घाटकोपरपासून अंधेरीपर्यंतच्या सगळ्या फ्लायओव्हरांचे फक्त खांब पाहिलेत. पूल जवळ आला की माझा नवरा सुबोध आरशातून मागे बघायचा. मागच्या सीटवरून आई म्हणायच्या, "खालूनच घे रे, वर ट्रॅफिक असेल." वर चिटपाखरू नसलं तरी तो खालून घ्यायचा. सुरुवातीला मी वाद घातले, मग नाद सोडला. नवऱ्याला उंचीची भीती वाटते आणि त्याची आई ती झाकून घेते, असं मी ठरवून टाकलं होतं. त्याला भीती वाटते, याचं मला काही नव्हतं. माझ्यापासून लपवतात, याची चीड यायची.

शहरात यामुळे फार बिघडत नाही, दोन सिग्नल जास्त लागतात. कोकणात बिघडलं. आईंची थोरली बहीण, शेवंतीमावशी, खाडीच्या पलीकडच्या काठावर राहते. काही वर्षांपूर्वी त्या खाडीवर भलाथोरला उंच पूल झाला, आणि तिचं गाव मुंबईला एकदम जवळ आलं. इतरांसाठी. आम्ही मात्र डोंगराला वळसा घालून, पाण्याला टेकलेल्या जुन्या पुलावरून जायचो. त्यात अर्धा दिवस जास्त मोडायचा, म्हणून जाणंच कमी होत गेलं. मावशीने बोलावलं की आई फोनवर सांगायच्या, सुबोधला सुट्टी नाही. कधी स्वतःचे गुडघे पुढे करायच्या.

या उन्हाळ्यात मावशीने फोनवर येणं बंद केलं. भांडण झालं नव्हतं, आजारपण नव्हतं. तिचा मुलगा बाळा ओशाळून सांगायचा, "आई बरी आहे, पण बोलायला नको म्हणते." आई रोज संध्याकाळी फोन लावून बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्यांना आता हीच एक बहीण उरली आहे. एका संध्याकाळी जेवता जेवता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मला तिच्या तोंडावर जाऊन विचारायचंय, माझं काय चुकलं ते." पुढच्याच शनिवारी आम्ही निघालो.

जुन्या पुलाकडे वळायच्या फाट्यावर पिंपं आडवी लावलेली होती. दुरुस्तीसाठी रस्ता बंद, पर्यायी मार्ग नवीन पूल. सुबोधने इंजिन बंद केलं आणि आरशात पाहिलं.

"आई, काय करायचं? परत जायचं का?"

"तू म्हणशील तसं," आई म्हणाल्या. आवाज रडवेला होता.

माझं डोकंच फिरलं. सहा तासांचा प्रवास करून, बहिणीच्या दारात येऊन ही माणसं माघारी फिरायला निघाली होती. मी म्हटलं, "कोणी काही म्हणायचं नाही. सुबोध, उतर, मी चालवते. ज्याला भीती वाटते त्याने डोळे मिटून बसायचं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुबोध मुकाट्याने बाजूच्या सीटवर गेला.

पूल खरंच उंच होता. खाली झाडं पसरलेली, त्यांच्या पलीकडे खाडी, आणि खाडीतली होडी तांदळाच्या दाण्याएवढी. मी बेताने चालवत होते. शेजारी कुणीतरी डोळे मिटून बसलं असेल म्हणून पाहिलं, तर सुबोध काच खाली करून मान बाहेर काढून बघत होता. आरशात आईंचं नाक काचेला चिकटलेलं. मध्यावर चारपाच गाड्या उभ्या होत्या, एक माणूस ताडगोळे विकत होता. मीही गाडी कडेला घेतली.

दोघं उतरून कठड्याशी गेले. तिथे आईंनी सुबोधचं मनगट पकडलं, त्याच क्षणी त्याने त्यांचा दंड धरला.

"मागे हो, सुबोध. तुला चक्कर येते ना?"

"मला? आई, तुला येते."

"मला कशाला येईल?"

"लहानपणी एसटीतून जाताना पुलावर तू घाबरली होतीस. माझा हात इतका दाबलास की मी रडलो."

"अरे, तू खिडकीतून अर्धा बाहेर लोंबत होतास, म्हणून धरला," आई म्हणाल्या. "आणि तू रडलास ते पुलाला घाबरून, असं मी समजत होते. तेव्हापासून तुला खालून ने म्हणते."

"आणि मी तुझ्यासाठी खालून नेतोय."

मला हसू फुटलं. मग आईंचा चेहरा पाहिला आणि ते हसू गिळलं. त्या पलीकडच्या काठाकडे बघत होत्या. माडांमध्ये एक कौलारू छप्पर स्पष्ट दिसत होतं.

"ताईचं घर," त्या म्हणाल्या. "एवढं जवळ होतं."

ताडगोळे न घेताच आम्ही निघालो.

मावशी पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. तिच्या पाठीमागे अंगण, अंगणापुढे खाडी आणि खाडीवर तो पूल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशी उलटी का बसली असेल, याचं मला नवल वाटलं. गाडीचा आवाज आला तरी तिने मान वळवली नाही. आई पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा म्हणाली, "इलंस, नली?"

"ताई, फोन का घेत नाहीस? माझं काय चुकलं?"

"पूल झालो तेव्हा मी पुलाकडे तोंड करून बसलंय," मावशी म्हणाली. "म्हटला, आता नली येतली. मगे खुर्ची फिरवलंय."

मुंबईत आईंच्या तोंडून मालवणी सहसा येत नाही. इथे आली. "माका वाटला, सुबोधाक पुलाची भीती वाटता. त्याका वाटला, माका वाटता."

"आणि माका काय वाटला, ता कधी इचारलंस?"

उत्तर मावशीनेच दिलं.

"तुका येवचाच नाय, असा वाटला."

आई खाली पडवीतच बसल्या आणि मावशीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडल्या. मावशीने हात ठेवला नाही, पण गुडघाही काढून घेतला नाही. रात्री जेवताना ती माझ्याशी बोलली, सुबोधला आग्रह केला, आईंना फक्त सोलकढी वाढली. सकाळी निघताना नमस्कार झाले, तेव्हाही ती त्याच खुर्चीत होती, भिंतीकडे बघत.

परतताना सुबोध चालवत होता. त्याने कुणाला न विचारता गाडी वर घातली. मध्याच्या जरा अलीकडे आईंचा फोन वाजला. त्यांनी घाईघाईने घेतला, तर बोट चुकून स्पीकर चालू झाला.

"पांढरी गाडी ना गो तुमची?" मावशी विचारत होती.

"होय, ताई."

"सुबोधाक सांग, सावकाश चालव. माका दिसतास तुमी."