काचेवरचे दोन ठिपके

आमची बायको कॉम्प्युटरवर माऊस वापरायची नाही. चेंडू वापरायची. ट्रॅकबॉल म्हणतात त्याला. एक जाडजूड बैठक, तिच्या खोबणीत मोठ्या लिंबाएवढा लाल चेंडू, बाजूला दोन कळा. बैठक हलत नाही, हात हलत नाही. बोटांनी चेंडू लोळवला की पडद्यावरचा बाण पळतो.

ही हॉस्पिटलात सोनोग्राफी करायची. सव्वीस वर्षं. त्या मशिनलाही असाच चेंडू असतो. पडद्यावर काही दिसलं की त्याच्या एका कडेला कळ दाबून टिप करायचं, चेंडू लोळवायचा, दुसऱ्या कडेला टिप. झालं माप. सव्वीस वर्षं दिवसभर तेच केल्यावर हाताला दुसरं काय सुचणार? घरी गेम खेळायला बसली तरी तोच चेंडू.

हो, गेम खेळायची. दर रविवारी दुपारी, आमच्या लेकीबरोबर. लेक दुसऱ्या शहरात, ही इथं, दोघी कानाला हेडफोन लावून एका बुडालेल्या जहाजात भुतं मारायच्या. मी मागून म्हणायचो, "अगं, लढाई करतेस की बटाटा सोलतेस?" ती मान न वळवता म्हणायची, "अहो, तुम्ही तुमच्या काचा बसवा जा."

काचा बसवणं हा माझा धंदा. खिडक्या, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. चाळीस वर्षं झाली.

आणि ही गेममध्येसुद्धा मापं घ्यायची बरं का. समोर भूत आलं की आधी त्याच्या या खांद्यावर नेम, मग त्या खांद्यावर, मग गोळी. लेक ओरडायची, "आई, भूत आहे ते, पेशंट नाही! मार त्याला!"

तर ती गेली. तीन महिन्यांत आटपलं सगळं, त्यावर मी बोलणार नाही.

त्यानंतर लेकीचा रविवारी फोन यायचा. जेवलात का, जेवलो. झोपलात का, झोपलो. पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, गेमला बसा ना माझ्याबरोबर. निदान बोलायला काहीतरी होईल."

बसलो. आधी माऊस घेऊन बसलो. पण माझ्या उजव्या मनगटाची शीर मागे एका काचेनं कापली होती, टाके घालून जोडलेलं मनगट ते. अर्ध्या तासात ठणकायला लागलं. मग कपाटातून तिचा चेंडू काढला.

पहिले दोन रविवार नुसती फजिती. चेंडूला जोर दिला की तो फिरतच राहतो. मला बघायचं असायचं दारात आणि दिसायचं छत. लेक हसून हसून खोकायची. "बाबा, भुतं छताला नाही हो टांगलेली!" पण तिसऱ्या रविवारी जमलं. चेंडूला ढकलायचं नसतं, सोडायचं असतं, आणि बोटानं अलगद थांबवायचं. मनगटाला काही त्रास नाही. एक गोष्ट मात्र होते. हात हलत नाही म्हणून माणूसही हलत नाही. पाठ खुर्चीला, डोकं एका जागी, तीन-तीन तास पुतळ्यासारखा.

चौथ्या रविवारी मी लेकीला गोळी घातली.

म्हणजे गेममध्ये. तिचा माणूस कंदील घेऊन माझ्या पुढं चालायचा, मी मागून पहारा द्यायचो. बंदूक रोखली की समोरचं दृश्य जागच्या जागी राहतं, नेमाची खूण तेवढी पडद्यावर सरकते. हात चेंडूवर नुसता ठेवलेला. चेंडू बोटांखाली लोळला, टिप. थोडासा लोळला, परत टिप. तिच्या माणसाच्या मानेत दोन गोळ्या.

"बाबा! मला काय मारताय?"

"मी नाही मारलं."

"मग कोणी? आपण दोघंच आहोत जहाजात."

मला वाटलं घाण साचली असेल. हा चेंडू खोबणीत तीन बारीक खड्यांवर टेकलेला असतो, त्यांच्यावर हाताचा मळ बसला की तो अडखळतो. खालून पेन्सिल घालून चेंडू बाहेर ढकलला. तिन्ही खड्यांवर करडी रेघ होती. तिच्याच हाताचा मळ तो. नखानं खरवडला, पुसून टाकायच्या आधी जरा वेळ बोटावर घेऊन बसलो.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. टिप, लोळ, टिप. तिथंच, मानेच्या डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली. त्याच्या पुढच्याही रविवारी. एकदा तर लेकीचा माणूस दारातून पलीकडे गेला होता, समोर नुसती भिंत, तरी त्या भिंतीवर त्याच जागी दोन टिपा. मी मनाशी म्हटलं, भिंतीच्या पलीकडे तीच तर आहे.

मी कारागीर माणूस. काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल घेतली आणि टिप झाली तिथं पडद्यावरच ठिपका काढला. दुसरी टिप, दुसरा ठिपका. मोजून बघितलं. चौदा मिलिमीटर. पुढच्या खेपेला पुसून परत काढले. चौदा. केसाचाही फरक नाही. असं माप हातात असणारं माणूस मला एकच माहीत होतं.

मग माझी झोप उडाली. आई लेकीच्या मानेत काहीतरी दाखवतेय, आणि मी ठोंब्यासारखा भुतं मारत बसलोय. फोन केला.

"तुझी मान तपासून घे. डावी बाजू."

"का? काय झालं?"

सांगितलं सगळं.

"बाबा, तुम्ही दिवसभर घरात एकटे असता..."

"मला वेड लागलेलं नाही."

"मी म्हटलं का तसं?"

"म्हणणार होतीस. जा आणि तपासून घे. तुझ्या आईनं काही सांगितलं असतं तर ऐकलं असतंस ना?"

हे बोलायला नको होतं. पण बोललो. ती गेली तपासायला. चार दिवस मी फोन हातात घेऊन घरभर फिरत होतो. पाचव्या दिवशी फोन आला. मान स्वच्छ. रक्त स्वच्छ. काही म्हणजे काही नाही.

मी सुटलो म्हणून हसायला गेलो, तर ती रडत होती. "तिथं टेबलावर पडले होते ना बाबा, तेव्हा मला वाटलं आता माझाही नंबर लागला. गेली ती माझीही आई होती. तुम्ही तो चेंडू डब्यात बंद करून ठेवा. नाहीतर मी यापुढे बसणार नाही तुमच्याबरोबर. फोनही नका करू."

आता सांगा, माझ्याकडे उरलं होतं काय? रविवारची ती एक दुपार.

डबा आणला. कॉम्प्युटर बंद केला. मागची खिडकी उघडी होती, ऊन आत आलेलं. पडदा काळाभोर झाला आणि त्यावर माझे ते पांढऱ्या मेणाचे दोन ठिपके तेवढे राहिले. फडकं घेतलं. पुसायच्या आधी एकदा खुर्चीत नेहमीसारखा टेकलो.

आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. "काचेत स्वतःला बघायचं नाही. काचेला बघायचं. स्वतःला बघत बसलास की ओरखडा निसटतो." चाळीस वर्षं मी आरसे बसवले, पण त्यांच्यातला माणूस मला दिसत नाही. नजरेला तशी सवयच लागलीये. दुकानाच्या काचेसमोरून जातो तर मला तिची कड दिसते, चुन्याचा डाग दिसतो, मी दिसत नाही.

त्या दिवशी दिसलो.

काळ्या पडद्यावर मी बसलो होतो. पाठ खुर्चीला, डोकं त्याच जागी. आणि ते दोन ठिपके माझ्या मानेवर होते. डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली.

ती गेल्यापासून मी दाढी केली नव्हती. पार छातीपर्यंत रान माजलेलं. बोटं त्या रानात घातली आणि दाबलं. होती. सुपारीसारखी टणक, दुखत नव्हती, बोटाखालून सरकतही नव्हती.

चेंडू बैठकीत तसाच होता. कॉम्प्युटर बंद. मी चेंडूकडे बघून म्हटलं, "कळलं गं. जातो."

तिच्याच हॉस्पिटलात गेलो. तिच्या हाताखाली तयार झालेली मुलगी आता त्या मशिनवर बसते. तिनं दाढीचा तेवढा भाग कापून काढला, गार जेली लावली, यंत्र फिरवायला लागली. मी तिचा दुसरा हात बघत होतो. चेंडू लोळला. टिप. लोळला. टिप.

ती आकडा वाचायच्या आधी मी म्हटलं, "अठ्ठावीस."

तिचा हात थांबला. मशिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अठ्ठावीसच. काका, आधी कुठं दाखवलंत का?"

"नाही."

"मग?"

"आरशासमोर उभी राहा, एक डोळा मीट, आणि त्यातल्या चेहऱ्याभोवती पेन्सिलनं रेघ मार. मोजलीस तर तोंड निम्मं भरतं. काचवाल्यांना माहीत असतं. आमच्याकडे पडद्यावर चौदा आलं होतं, म्हणजे खरं दुप्पट."

तिला काहीच कळलं नाही. पण तिनं एकदा मागे वळून बघितलं. मागे भिंत होती, भिंतीवर खुंटी, आणि खुंटीला कोणाचातरी जुना पांढरा कोट.

गाठ काढली. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले, दोन महिने उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. लेक रजा काढून आली. रिपोर्ट वाचला, परत वाचला, आणि मग माझ्या मानेवरच्या पट्टीला न दुखवता मिठी कशी मारायची ते शोधत बसली. चेंडूबद्दल एक अक्षर नाही.

रविवारी दुपारी मी तिला म्हटलं, "त्या खुर्चीत बस."

"गेमला? पण आपण दोघं तर इथंच आहोत."

"गेम नाही. नुसती बस. पाठ टेकव. चेंडूवर हात ठेव, आणि काही करू नकोस."

"बाबा..."

"पाच मिनिटं. माझ्यासाठी."

बसली. मी जहाजातली सगळ्यात अंधारी खोली लावून दिली आणि मागे उभा राहिलो, पण जरा बाजूला, म्हणजे पडद्यात मी येणार नाही असा. काचेत तिचा चेहरा दिसत होता. नाक आईचं, कपाळ माझं. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली. मी अजून पाच होऊ दिली.

चेंडू हलला नाही.

"काय बघताय एवढं?" तिनं मान न वळवता विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "काच बघतोय. स्वच्छ आहे."