वल्ह्याचा दांडा

नावाड्यांच्या संघाचं चिन्ह अगदी साधं होतं. एक गोल, आणि गोलात उभं एक वल्हं. बस्स. नमुना म्हणून आलेला कापडी बिल्ला मात्र धुऊन धुऊन विटलेला, कडा उसवलेल्या. त्यावरून चिन्ह जसंच्या तसं काढून द्यायचं होतं, म्हणजे ते विनाइलमध्ये कापून प्रत्येक होडीवर चिकटवता आलं असतं.

घरच्या बोर्डांच्या दुकानात वहिनीने बिल्ल्याचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर घेतला, फिकट केला, हलू नये म्हणून जागेवर कुलूपबंद केला आणि त्याच्यावर नवी रेघ ओढायला घेतली. गोलाला चारच बिंदू. वर एक, खाली एक, दोन बगलांना दोन. प्रत्येक बिंदूला दोन्हीकडे मिशा फुटतात. मिशी ओढावी तशी रेघ वळते. नवखी माणसं वीस-वीस बिंदू पेरतात आणि गोलाचा बटाटा करून ठेवतात. ती म्हणायची, बिंदू म्हणजे घरातली बोलणारी माणसं. जितकी कमी, तितकं वळण गोड.

नवरा बोर्ड रंगवायचा. तो गेला तेव्हा, आता ही काय करणार, असं सगळ्यांनी तिच्या देखतच विचारून घेतलं होतं. ती खिडकीजवळच्या या खुर्चीत येऊन बसली, कॉम्प्युटर शिकली, आणि पुढे बाजारात तिला रेघवाल्या बाई म्हणू लागले. मागच्या खोलीत दीर कापायचं मशीन चालवी. घरात तिचं काही चालो न चालो, या खुर्चीत तिचं चालायचं.

गोल झाला. मग दांडा. दांडा म्हणजे दोन बिंदू आणि मधली सरळ रेघ. पण आज ती रेघ मध्येच पोट काढून उभी राहिली. खालच्या फोटोतला दांडाही तसाच. बिल्ला धुण्यात आखडला असणार, तिने मनाशी म्हटलं. वल्हं कधी वाकडं असतं का? तिने मधोमध तिसरा बिंदू घातला, मायेने बाजूला ओढला, आणि दांडा सरळ झाल्यावर फाइल मागे पाठवली.

थोड्या वेळाने दीर कापलेलं चिन्ह हातात नाचवत आला.

"वहिनी, हे वल्हं आहे का विळा?"

"तुमचाच कागद सरकला असेल, भावजी."

"म्हणजे गोल काढताना शहाण्यासारखा बसला, आणि दांडा आला तसा सरकला? गुणाचा कागद आहे हो!"

तिने पाहिलं. दांडा तर ताठ उभा होता. "सरळच आहे की."

"चष्मा पुसा."

"सकाळपासून तेच करतेय."

तो हसला आणि त्याने दांड्याला लागून स्टीलची पट्टी ठेवली. "बघा आता तुम्हीच." तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत आत गेला.

ती पट्टीकडे बघत राहिली. पट्टी वाकली होती. स्टीलची पट्टी, मऊ वेलीसारखी, मधोमध वाकली होती. तिने पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट न अडखळता, न वळता, सरळ टोकाला गेलं.

बोट एक सांगत होतं, डोळा दुसरंच.

तिने दाराच्या चौकटीकडे पाहिलं, खिडकीच्या गजांकडे पाहिलं. जिथे नजर ठेवावी तिथे रेघ पोट काढत होती. उजवा डोळा झाकला तर नुसतं धुकं. डावा लहानपणापासून शोभेचाच. दोन्ही डोळ्यांचं काम आजवर एकट्या उजव्याने केलं होतं. बाहेर ढगाळ दुपार तशीच मळून पडली होती.

तिने तिसरा बिंदू पुसून टाकला. दांड्याचं वरचं टोक डाव्या कडेपासून किती लांब आहे, तो आकडा वाचला आणि खालच्या टोकाला तोच टाकला. पडद्यावर वाकडा दांडा उभा राहिला. त्याला सरळ करायला हात शिवशिवले. तिने ते मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि फाइल पाठवली.

"आता कसं! ओळंब्यात आहे," दीर आतूनच ओरडला.

गप्प बसता आलं असतं. सरळ रेघ आकड्यांवर निभावली असती. पण उद्या एखादं पान येईल, पाखरू येईल. पानाच्या वळणाला आकडा कुठून आणायचा? पंखाला कोणाचं बोट लावून बघायचं?

तो चिन्ह घेऊन बाहेर आला.

"भावजी, मला हे वाकडं दिसतंय."

"पुरे हो चेष्टा. एकदा हरलात, हरलात."

"पट्टीसुद्धा वाकडी दिसतेय. दारसुद्धा."

त्याचं हसू विझलं. त्याने चिन्ह टेबलावर हळूच ठेवलं, पालथं.

"कधीपासून?"

"अक्षरं चार दिवस झोके घेत होती. मला वाटलं, काच खराब झाली."

"आणि मी? मी कसा दिसतो?"

त्याचं नाक गालाकडे ओघळलं होतं. "जसे होतात तसेच," ती म्हणाली. "मुळात कुठे फार सरळ होतात?"

तो हसला नाही. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. पहिला नंबर लावतो."

"जाऊ. पण भावजी, दुसरं कोणी आणून बसवू नका लगेच. खुर्ची राहू द्या माझी."

त्याने मान हलवली. तिने नीट निरखून पाहिलं, पण होकाराची की नकाराची, ते तिला दिसलं नाही. आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.