काळ्या गाडीची मागची सीट

माझा जावई भीमराज पिंपरीला गाड्यांच्या कंपनीत फिटर. हात सोन्याचे, पन डोकं नटबोल्टात अडकलेलं. मशीन बंद पडलं की ह्या फिटर लोकांचा एक रिवाज असतो. ते चालू झाल्याबिगर जाग्यावरनं हलायचं न्हाई. जेवन न्हाई, पानी न्हाई, घरदार न्हाई. ब्रेकडाऊन सोडून उठला त्यो फिटरच नव्हं, म्हनत्यात. आग लागो त्या रिवाजाला.

आनीबानीच्या आदल्या सालची गोष्ट. कुना शेठजीनं चऱ्होलीच्या अलीकडं माळावर मोठी शेड बांधली व्हती आन् दिल्लीच्या पुढाऱ्यांच्या जुन्या गाड्या तिच्यात बघायला ठेवल्या व्हत्या. कंपनीनं एका रविवारी कामगारांना बायकापोरांसंगं तितं न्यायचं ठरवलं. माझी कस्तुरा, एकुलती एक लेक, आठव्या म्हैन्यात. म्या म्हनलं, "बये, गप घरी बस. लोखंड बघायला एवढ्या खड्ड्यातनं कशाला हिंदकळतीस?" तर म्हनली, "आई, ह्यांनी जलमभर गाड्यांचे पार्ट घासले. एक आख्खी गाडी तरी ह्यांच्यासंगं बघू दे की मला." नवऱ्याचा लई अभिमान तिला. भीमराज माझ्या नणंदेचा पोरगा, म्हंजे मी आधी त्याची मामी आन् मागनं सासू. दोघं एक झाल्यावर माझं कोन ऐकतंय!

बसनं आमाला शेडीच्या दारात सोडलं आन् ती पिंपरीला माघारी गेली, सांजच्यालाच न्यायला येनार व्हती. दारात आबाजी नावाचा म्हातारा पेरूची हातगाडी लावून बसला व्हता. बाकी चहूबाजूला नुसता माळ.

आत गाड्याच गाड्या, दोरी बांधलेल्या, "हात लावू नये" अशा पाट्या. सगळ्यात पुढं एक काळी. एवढी लांब की काळेवाडीतली आमची खोली तिच्यापुढं तोकडी पडावी. नाकावर झेंडा लावायची चांदीची दांडी. भीमराज तिच्यापुढं असा उभा राहिला, जनू देवळात आलाय. कस्तुरानं काचेतनं आत बघितलं.

"आई, मागची सीट बघ गं. असल्या मऊ सीटवर झोपच लागंल. ही मानसं देशाची काळजी कवा करत असतील?"

मी हसले. ती पन हसली, आन् हसताहसताच तिनं माझा दंड गच्च धरला. खाली बघितलं तर तिच्या पायाशी रगत.

बायकांनी कडं केलं, लुगडी आडवी धरली, तिला फरशीवर निजवलं. रगत काय थांबंना. तितले मॅनेजर प्रभाकर साहेब धावत आले, माघारी धावत फोनकडं गेले, आन् तोंड पाडून परत आले. फोन मुका. बस सांजच्याला येनार.

भीमराज कस्तुराकडं बघत व्हता. मंग त्यानं मान वळवून काळ्या गाडीकडं बघितलं. "साहेब, हिची चावी हाय?"

"अहो, ती कित्येक वर्षांत चालली नाही."

"आमी समदे गाड्याच बनवतो साहेब. चावी द्या."

प्रभाकर साहेब भला मानूस. त्यांनी सोताच्या हातानं दोरी सोडली. "माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे," म्हनाले आन् चावी दिली. झालं! बॉनेट उघडलं, शर्ट निघाले, समदे त्या गाडीवर तुटून पडले.

म्या भीमराजला बाजूला वढलं. "भीमा, आबाजीची हातगाडी दारातच हाय. तिच्यावर घालून डांबरी रस्त्यापतुर नेऊ. तितं ट्रक तरी गावंल."

त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. "मामी, हातगाडीचं नाव काढू नका."

मला ठाव व्हतं का ते. पटकीच्या साथीत त्याच्या आईला, माझ्या नणंदेला, हातगाडीवर घालून नेलं व्हतं. रस्त्यावरची मानसं नाकाला पदर लावून लांब पळत व्हती, आन् हा एवढासा पोरगा गाडीमागं धावत व्हता. ती वाटंतच गेली.

"माझी आई तशी गेली," त्यो म्हनाला. "माझी बायको गाडीतनं जाईल. ह्याच गाडीतनं. धा मिनटं द्या फक्त."

धा मिनटं! ती धा मिनटं संपतच न्हवती. गाडीला बॅटरी न्हवती, तर लाउडस्पीकरची बॅटरी काढून आनली. चाकात हवा न्हवती, तर वॉचमनच्या सायकलीचा पंप आनला आन् एकामागं एक घामाघूम होऊन मारत बसले. कुनी म्हनायचं "कचरा आलाय", कुनी म्हनायचं "करंट येतोय", आन् मधीच एखादा हसायचा पन, राव! खरंच सांगते, हसायचा. काम चांगलं चाललं की हसत्यात ते. पाच पावलांवर माझी लेक पांढरी पडत व्हती.

मला एकदम सुचलं. "अरं, साहेबांची स्कूटर हाय! कुनीतरी जा, टॅक्सी घेऊन या!"

मी बाहेर जाऊन बघितलं, तर स्कूटरच्या टाकीत रबरी नळी घातलेली आन् समदं पेट्रोल डब्यात काढलेलं. काळ्या गाडीला पाजायला.

"कोन रं त्यो शहाना? मुडद्यांनो, अक्कल गहान ठेवली का रं?"

"मामी, धा मिनटं," भीमराज गाडीखालनं म्हनाला.

मी कस्तुरापाशी बसले. तिचे ओठ सुकलेले, हात गार. घोटभर पानी पाजलं. म्हनली, "आई, चालू झाली का?"

"व्हईल गं."

"व्हनारच. त्यांचा हात हाय."

मंग मात्र माझं टकुरं फिरलं. "घाला तुमची मुंडकी त्या बॉनेटात!" म्हनून मी वरडले आन् बायकांना हाक मारली. आबाजीला काय सांगावं लागलं न्हाई. त्यानं आपले समदे पेरू मातीत वतले, वर आपलं धोतर पसरलं, सोता टावेलावर उभा राहिला. आमी बायकांनी कस्तुराला उचललं, हातगाडीवर घातलं आन् ढकलायला लागलो. मुरमाचा रस्ता. चाक खड्ड्यात गेलं की ती कन्हायची, मी म्हनायची, "आलं बघ, आलंच." भीमराज मागनं बघत व्हता की न्हाई, मला ठाव न्हाई. मी माघारी वळले न्हाई.

डांबरी रस्ता लांब दिसायला लागला आन् मागं धडाडधूम आवाज झाला. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. कस्तुरानं मान उचलायला बघितलं. "आई, झाली बघ."

गाडी धूर सोडत आमच्यापुढं येऊन थांबली. भीमराज उतरला. कोपरापतुर काळा, डोळ्यांतनं घळाघळा पानी. "मामी, चालू झाली!" आता दवाखाना लवकर गाठायचा तर गाडीच बरी. आमी तिला उचलून मागच्या सीटवर घेतलं. मी आधी बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं तळवा त्या सीटवरनं फिरवला.

"मऊ हाय गं," म्हनली.

गाडी डांबरी रस्त्याला लागली आन् भीमराजनं हॉर्न धरला त्यो सोडलाच न्हाई. भोसरीत बाजाराची गर्दी. वाटलं, आता अडकतो. पन ती काळी लांब गाडी आन् नाकावरची चांदीची दांडी बघून मानसं आपसूक बाजूला झाली. कुनी मोठा पुढारी आला म्हनून म्हाताऱ्यांनी हात जोडले. पोलिसानं ट्रक थांबवले आन् खाडकन सलाम ठोकला. बायकांनी पोरं उचलून दाखवली. माझ्या नणंदेपासनं नाक धरून पळाली तसलीच मानसं ही. आज हात जोडत व्हती.

कस्तुराचा हात माझ्या हातात व्हता. म्या त्यो दाबला. तिनं दाबला न्हाई. छातीवर हात ठेवला. नाकाशी बोट धरलं. मंग तिला तशीच धरून बसले. पोटातलं बाळ पन हालंना.

भीमराज पुढनं वरडला, "मामी, मानसं बघा कशी हात जोडत्यात! तिला सांगा की. तिला म्हनावं, बघ तरी!"

त्याला खरं सांगितलं असतं तर त्याच्या हातातलं चाक सुटलं असतं. गर्दी दोन्ही अंगाला व्हती, पोरं व्हती. आन् कुठंतरी माझं येडं मन म्हनत व्हतं की दवाखान्यात गेल्यावर कुनीतरी काहीतरी करंल.

"मामी, सांगितलं का?"

"सांगितलं," म्या म्हनलं. "तू चालव."