टोपली उचलेपर्यंत

माझ्या एका कडेला बोटभर लांब तडा आहे, मित्रांनो. मला त्या तड्याची गोष्ट सांगायची आहे, पण आधी मी कोण ते सांगते.

मी बडगी. शिंदखेड्याजवळच्या एका गावात सुताराने मला बाभळीच्या खोडातून कोरून काढले. लहानशा नावेसारखी मी लांबट आहे आणि मध्ये खोल. भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या आणि लसूण माझ्यात घालून लाकडी दांड्याने ठेचतात. मग आमच्या खानदेशातले भरीत तयार होते.

हे काम एकट्याचे नाही. एकाने ठेचायचे आणि दुसऱ्याने समोर बसून मला घट्ट धरायचे, नाहीतर मी घसरते. आमच्या घरी सुकदेवभाऊ ठेचायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ झुलाल मला धरायचा. सुकदेवभाऊंचा दांडा जोरात यायचा, पण झुलालने भीतीने कधी बोट मागे घेतले नाही. एवढा त्याचा भावावर विश्वास होता. हिवाळ्यात शेजारीपाजारी जेवायला यायचे, माझ्या भरताचे नाव काढायचे. मला फार बरे वाटायचे.

त्या दोघांची आई ताईबाई. तिला सगळे अक्का म्हणतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली की अक्का ती टोपलीखाली झाकून ठेवायची. कोणी घाई केली की म्हणायची, "टोपली उचलू नका. गरम शे अजून."

तीन वर्षांपूर्वी अंगणात वीस पाने वाढायची होती. सुकदेवभाऊंना उशीर झाला होता. त्यांनी टोपली उचलली आणि वांग्याची साल ओढली. आत कोंडलेली वाफ बोटांवर आली. ते ओरडले.

झुलाल हसत म्हणाला, "वांगं राहू द्या, आधी भाऊच भाजायना! आमना भाऊले दम निघस का कधी?"

सगळे अंगण हसले. सुकदेवभाऊंचे कान लाल झाले, दात आवळले गेले. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि फेकले. मी झुलालच्या नडगीवर आदळले, तिथून ओट्याच्या दगडावर, आणि माझ्या कडेला हा तडा गेला.

मित्रांनो, मला फेकणारे हात गरम होते. मी जमिनीवर पडले तोवर ते थंड पडले होते. राग तेवढाच टिकला. झुलाल मात्र लंगडत घरात गेला, पिशवी भरली आणि संध्याकाळच्या गाडीने भुसावळला आपल्या कामाच्या गावी निघून गेला. परत आला नाही.

मला माळ्यावर टाकले. खाली मिक्सरमध्ये भरीत होऊ लागले. त्या घरघरीत मी झुलालचा आवाज शोधायचे. गाडीची शिट्टी ऐकू आली की वाटायचे, आज येईल.

एके दिवशी सुकदेवभाऊंनी खुंटीवरची टोपी घ्यायला हात वर केला. त्यांची दहा वर्षांची मुलगी दीपमाला शेजारी उभी होती. तिने झटकन दोन्ही हातांनी डोके झाकले. त्यांनी तिला कधी मारले नव्हते. पण तिने त्या दिवशीचे अंगण पाहिले होते. सुकदेवभाऊ हात तसाच वर ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या समुपदेशक बाईंशी बोलले. बाईंनी विचारले, राग आधी अंगात कुठे येतो? ते म्हणाले, कानात. मग कान तापले की जागा सोडायची, असे ठरले. घरी अक्का हे ऐकून म्हणाली, "मंग टोपली झाकजो."

तेव्हापासून त्यांचे कान लाल दिसले की दीपमाला हळूच म्हणते, "आबा, टोपली." ते विहिरीजवळच्या निंबाखाली जाऊन बसतात आणि निवल्यावर परततात. कधी चुकतातही. दोनदा ताट आपटले. मग स्वतःच उचलून घासले.

या हिवाळ्यात त्यांनी मला खाली काढले, धुतले, तेल लावले. मग झुलालला फोन केला.

"झुलाल, चूक मनी व्हती. नडगी कशी शे?"

"थंडीमा दुखस."

"रविवारी भरीत करतो. येशी का?"

झुलाल म्हणाला, "भाऊ, मनी टोपली अजून झाकेल शे. उचलू नको."

सुकदेवभाऊंचे कान लाल झाले. दीपमाला त्यांच्याकडे पाहत होती. तिने काही म्हणायच्या आतच ते "थांब हं" म्हणाले आणि फोन अक्काच्या हातात देऊन निंबाकडे गेले. परत येऊन फोन घेतला.

"बरं शे," ते म्हणाले. "मी थांबसू."

त्या रविवारी ते माझ्यासमोर बसले. धरायला कोणी नव्हते. दीपमाला आली, समोर बसली. तिने एक बोट माझ्या कडेवर ठेवले, तड्याजवळ. मग दुसरे. मग दोन्ही हात. सुकदेवभाऊंनी दांडा उचलला, तेव्हा तिने डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. दांडा इतका हळू आला की मिरचीसुद्धा नीट ठेचली गेली नाही.

"आबा, इतलं हळू ठेचं तं भरीत पुढली दिवाळीले व्हई," ती म्हणाली.

सगळ्यांत आधी सुकदेवभाऊ हसले.

मित्रांनो, राग तुम्हालाही येईल. तेव्हा तुमच्या हातात काय आहे आणि समोर कोण बसले आहे, तेवढे बघा. आणि चुकलातच, तर माफी मागा. पण समोरच्याने लगेच हसावे म्हणून हट्ट धरू नका. तो निवेपर्यंत थांबणे, हेही तुमचेच काम.

दीपमालाचे हात अजून लहान आहेत. मी थोडी घसरतेच. दर रविवारी मला धुऊन अंगणात ठेवतात, आणि भुसावळकडून येणारी दुपारची गाडी गेल्यावर सुकदेवभाऊ घराच्या फाटकापर्यंत जाऊन येतात. हाका मारत नाहीत. फाटकाची कडी मात्र उघडी ठेवतात.