प्रेमसिंगची आरडाओरड

पारुबाईनं केसपेपरच्या खिडकीवर दुसऱ्यांदा थाप मारली, तेव्हा आतल्या सिस्टरनं मान वर न करताच सांगितलं, "तपासलंय ना मी तुमच्या मालकाला? नाडी ठीक आहे, बीपी ठीक आहे. बसा. डॉक्टर बोलावतील."

"काहून बसा? सकाळी बैलानं ढुशी मारली त्यायला. बरगडीखाली."

"ते मघाशीच सांगितलंत."

बाकावरून प्रेमसिंगनं "मेलो गं माय!" अशी आरोळी ठोकली. व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या. पारुबाईला लाज वाटली आणि थोडं बरंही वाटलं. निदान ओरडा ऐकून तरी कुणी उठेल. कुणी उठलं नाही. उलट त्यांच्यामागून आलेली, आईच्या मांडीवर निपचित पडलेली एक पोर सिस्टरनं स्वतः उचलून आत नेली.

"आमी आधी आलो न्हाई का?" ती परतताच पारुबाई कडाडली.

"इथं आधी कोण आलं ते बघत नाहीत, बाई. जास्त कुणाला आहे ते बघतात."

पारुबाईचं डोकं भणाणलं. या माणसानं सकाळपासून उच्छाद मांडला होता. ढुशी बसल्यावर आधी अर्धा तांडा गोळा झाला, मग हळद, मग चहा, मग जीपमध्ये पुढचीच सीट पाहिजे म्हणून भांडण. जीप हळू चालली तरी ओरडा, जोरात चालली तरी ओरडा. तो होताच मुलखाचा रडका. अठरा वर्षांच्या संसारात 'तू जेवलीस का' असं त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं; त्याचंच काही ना काही दुखत असायचं. आता इथं बाक टोचत होता, पंखा फिरत नव्हता, पाणी कोमट होतं, आणि तो बैल विकणाऱ्या, जवळा बाजार गावच्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

"जरा गप बसा हो," ती शेवटी म्हणाली. "डोकं उठवलं माझं."

तो गप बसला. तिनं भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले. एवढं सुख तिला सकाळपासून मिळालं नव्हतं.

थोड्या वेळानं कुणीतरी तिची ओढणी हळूच ओढली.

"सेवाची माय, तू बस इथं. मी सरकतो."

"काय?"

"दमली असशील. सकाळधरनं काई खाल्लं न्हाईस तू."

"आन दुखणं?"

"आता बराबर हाय. घरी जाऊ." तो हसला. कपाळ घामानं चिंब झालं होतं.

पारुबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग खिडकी सोडून ती थेट आतल्या दारात घुसली.

"आता काय?" सिस्टर वैतागली. "दुखणं वाढलं का?"

"न्हाई. दुखत न्हाई म्हणून राहिले." तिला नीट सांगता येईना, आणि त्याचा तिला संताप आला. "सिस्टरबाई, ते माझ्याशी चांगलं बोलून राहिले. मला बस म्हणून राहिले. तुमी या ना!"

सिस्टरनं क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग हातातली पट्टी टाकून ती धावली. प्रेमसिंगचं मनगट धरलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि मागे वळून ओरडली, "डॉक्टर! स्ट्रेचर घ्या, लवकर!"

दोघा वॉर्डबॉयनी त्याला उचललं. तो पुटपुटला, "तुमाला उगं तकलीफ."

पारुबाई स्ट्रेचरची दांडी धरून बरोबर पळत होती.

"ओरडा हो," ती म्हणत होती. "पाया पडते तुमच्या, ओरडा."