पिशवीवर न छापलेलं

वारज्याच्या मागच्या अंगाला जयसिंगरावांची जी काही जमीन बिल्डरच्या तावडीतून सुटली होती, तिच्यावर त्यांनी तळं खोदलं आणि चिलापी सोडली. मासे काही वाढेनात. मग खाद्यवाल्या राकेशने एक पांढरी पावडर दिली. "खाद्यात मूठभर मिसळा, काका. ग्रोथ बघा फक्त." पिशवीवर उडी मारणारा मासा होता, दुप्पट वाढीची हमी होती, आत काय आहे तेवढं सोडून सगळं छापलं होतं. जयसिंगरावांनीही विचारलं नाही. महिन्याभरात मासे फुगले. फुगणाऱ्या माशाची चौकशी कोण करतं?

सातव्या महिन्यात त्यांची लेक शर्मिला बाळंतपणासाठी माहेरी आली. पहिलटकरीण, तोंडाला चव नाही, आवडते ती फक्त मासळी, आणि तळं तर घरचं. सोजरबाई लेकीला दिवसाआड चिलापी तळून घालू लागल्या. असा दीड महिना गेला. एका दुपारी जेवताना शर्मिलाने सहज विचारलं, "अण्णा, आपल्या माशांना खायला काय घालता हो?"

जयसिंगरावांचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून त्यांनी घरात मासा बंद केला आणि त्यांच्या डोक्याला भुंगा लागला.

राकेश म्हणाला, "कंपनीचा फॉर्म्युला आहे, काका. सीक्रेट असतं ते." मत्स्य खात्याच्या कचेरीत सांगितलं, आमच्याकडे तळं येतं, पावडर येत नाही. अन्न-औषधवाल्यांच्या कचेरीत सांगितलं, मासा बाजारात आला की या. म्हणजे तळ्यातला मासा कुणाचाच नाही, आणि लेकीच्या पोटातला तर त्याहून नाही! जयसिंगराव दोन्ही जिने शिव्या मोजत उतरले.

शेवटी शनिवार पेठेतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या जया मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय शोधायचं आहे आपल्याला?"

"त्यात जे वाईट असंल ते."

"'वाईट' नावाची टेस्ट आमच्याकडे नाही. वाढीसाठी लोक काहीही घालतात. हॉर्मोन, अँटिबायोटिक, नाहीतर साधं यीस्ट. प्रत्येकाची टेस्ट वेगळी. ती पावडर आणा, म्हणजे निदान कुठे बघायचं ते कळेल. आणि एक अख्खा मासा आणा, बर्फात. त्याचं काळीजही तपासावं लागतं."

पावडर आठवड्यापूर्वीच संपली होती. रिकाम्या पिशव्या सोजरबाईंनी साबणाने खसाखसा धुऊन तारेवर वाळत घातल्या होत्या. कोथिंबीर ठेवायला बऱ्या पडतात म्हणून. जयसिंगरावांनी कपाळावर हात मारला. निदान मासा तरी! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक चांगला मासा धरला, "शहरात मॅडमला न्यायचाय, बर्फात घालून डबा भर," असं बायकोला सांगितलं आणि आंघोळीला गेले.

प्रयोगशाळेत डबा उघडला. खवले काढलेल्या, पोट साफ केलेल्या, हळद-मीठ चोळलेल्या सुबक तुकड्या.

"आलं-लसूण विसरलात," जया मॅडम म्हणाल्या.

जयसिंगरावांनी जिन्यातूनच घरी फोन लावला आणि गल्लीला ऐकू जाईल इतके ओरडले. सोजरबाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "मग तशीच घाण मासळी परक्याच्या दारात न्यायची व्हय? मॅडमला न्यायचीय म्हनालात, म्हून चांगली करून दिली. पोट फाडू नको, हे तुमी कवा सांगितलं?"

सांगितलं नव्हतंच. पण चूक आपली निघाली की माणसाचा आवाज आणखी चढतो.

मग परत एक अख्खा मासा गेला. मॅडमनी माशांत जास्त वापरतात ते एक हॉर्मोन तपासलं. आठवड्याने कागद आला: आढळले नाही.

"लगेच पेढे वाटू नका," मॅडम म्हणाल्या. "एक शोधलं, ते नाही मिळालं. बाकीचं शोधलेलंच नाही. शिवाय पावडर बंद होऊन किती दिवस झाले. असलं तरी आता निघून गेलं असेल."

"पन लेकीनं तवा खाल्लं त्याचं काय?"

मॅडमनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्या टोचून बोलल्या नाहीत. "ते मासे आता नाहीत, काका. मी कशात बघू? मुलीच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा. तेवढंच हातात आहे."

घरी सोजरबाईंनी कागद शर्मिलाकडून वाचून घेतला आणि तवा ठेवला. "दोन तुकड्या जास्त टाक गं आई," शर्मिला हसत म्हणाली. "अण्णांनी किती दिवस तरसवलंय मला."

"तवा उतरव," जयसिंगराव म्हणाले.

"का? रिपोर्ट चांगला आलाय ना?"

इतके दिवस ते राकेशवर, कचेऱ्यांवर, बायकोवर चिडत होते. आता चिडायला समोर कुणी उरलं नव्हतं. ते लेकीसमोर खाली बसले. लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त.

"पोरी, मी माज्या हातानं घातलं. काय घातलं ते इचारलं न्हाई. आता कुनालाच सांगता यायचं न्हाई. उद्या तुज्या डॉक्टरीणबाईकडं मी येतो. मीच सांगतो."

शर्मिलाचं हसू गेलं. तिचा हात पोटावर गेला. "किती घालत होता?"

"आधी मूठभर," जयसिंगराव म्हणाले. "तू येनार म्हनल्यावर दोन मुठी. तुला मोठा मासा मिळावा म्हून."